दहा मिनिटांत न्यूरोची तपासणी कशी करायची? जरा सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंटर्नशिप चालू आहे, मेडिसिनच्या ओपीडीत पोस्टिंग आहे, पुस्तकातली नर्व्हस सिस्टीमची तपासणी पूर्ण करायची तर तास जातो, बाहेर रांग लागलेली असते आणि सिनियर म्हणतात एमआरआय सांग आणि पुढचा पेशंट घे. मग नेमकं काय तपासायचं, कुठल्या क्रमाने, आणि एमआरआय होणारच असेल तर तपासायचं तरी कशासाठी?

शेवटचा मुद्दा आधी घेतो कारण तो पटला नाही तर बाकीचं वाचून काही उपयोग नाही. समजा पन्नाशीच्या पुढचा एक शेतकरी आहे, चार महिन्यांपासून दोन्ही पाय जड पडलेत, चालताना अडखळतो, कंबरही थोडी दुखते. अशा माणसाच्या फाईलमध्ये हमखास काय असतं तर कमरेचा एमआरआय. त्यात एल४-एल५ ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) डिस्क, म्हणजे मणक्यांमधली गादी, जराशी बाहेर आलेली दिसते, जी त्या वयात काहीही त्रास नसलेल्या कित्येकांच्या एमआरआयमध्येही दिसते. मग गोळ्या, पट्टा, ट्रॅक्शन, कधी कधी ऑपरेशनचा सल्लासुद्धा. आणि या चार महिन्यांत त्याच्या गुडघ्यावर कोणी हातोडी मारलेली नसते. मारली असती तर पाय जोरात उडाला असता, तळव्यावर रेघ ओढली असती तर अंगठा वर गेला असता. मोठ्या माणसात स्पायनल कॉर्ड (मज्जारज्जू) एल१, म्हणजे कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो, त्याच्या खाली फक्त नसांचा झुपका असतो, कॉडा इक्विना. तिथे दाब आला तर रिफ्लेक्स (हातोडी मारल्यावर येणारा झटका) कमी होतात, वाढत नाहीत. म्हणजे रिफ्लेक्स वाढलेत, प्लँटर (तळव्यावरच्या रेघेला अंगठ्याने दिलेलं उत्तर) वर जातोय, तर पायांच्या अशक्तपणाचं कारण त्या एल४-एल५ च्या डिस्कमध्ये असूच शकत नाही, ते वर आहे, पाठीत किंवा मानेत, क्वचित डोक्यात. या माणसाचा एमआरआय मानेचा आणि पाठीचा व्हायला हवा होता आणि चार महिने आधी व्हायला हवा होता, कारण दबलेला कॉर्ड जितका उशिरा मोकळा होतो तितकी ताकद परत यायची शक्यता कमी. मशीन आपण सांगू तिथलाच फोटो काढतं. कुठला काढायचा हे हातोडी ठरवते, म्हणून तपासायचं.

न्यूरोत प्रश्न दोनच असतात, आजार कुठे आहे आणि काय आहे. काय आहे याचा अंदाज बराचसा वेळेवरून येतो. जेवता जेवता हातातला घास पडला, म्हणजे क्षणात झालं, तर आधी रक्तवाहिनीचा विचार करा. काही तासांत-दिवसांत वाढत गेलं तर इन्फेक्शन, सूज, जीबीएससारखे (गिलां-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) आजार. आठवडे-महिने लागले तर गाठ, टीबी, बी१२ ची कमतरता. वर्षानुवर्षं हळूहळू चाललंय तर डिजनरेशन किंवा घराण्यातला आजार. कुठे आहे याचंही निम्मं उत्तर हिस्टरीतच मिळतं, फक्त प्रश्न पेशंटच्या रोजच्या जगण्यातले विचारायला लागतात. "अशक्तपणा आहे का" असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात, त्यातून काही हाती लागत नाही.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न चपलेचा. चालताना चप्पल पायातून निसटते का? निसटते म्हणाला तर पुढचं विचारा, निसटल्यावर कळतं का? कळतं पण बोटांनी धरून ठेवता येत नाही असं सांगत असेल तर पावलाची ताकद गेलीये. चप्पल मागे राहिली, हा चार पावलं पुढे गेला आणि बायकोने हाक मारल्यावर बघितलं, असं असेल तर संवेदना गेलीये. एका प्रश्नात मोटर आणि सेन्सरी वेगळं होतं. असेच बाकीचे: भारतीय संडासात बसल्यावर उठताना नळ किंवा भिंत धरावी लागते का (मांडी आणि कमरेचे स्नायू), वेणी घालताना किंवा फळीवरचा डबा काढताना हात वर जातो का (खांदे), बटणं, ब्लाऊजचे हुक, भाकरीचा तुकडा मोडणं जमतं का (बोटं), तोंड धुताना डोळे मिटले की बेसिनवर तोल जातो का, रात्री अंधारात शेतात जाताना जास्त त्रास होतो का (पोझिशन सेन्स, म्हणजे न बघता हातपाय कुठे आहेत ते कळणं). "कापसावर चालल्यासारखं वाटतं" असं पेशंट आपणहून म्हणाला तर ते लिहूनच ठेवा. आणि लघवीचं विचारल्याशिवाय न्यूरोची हिस्टरी संपत नाही, अडते का, घाई होते का, नकळत होते का. बायका हे स्वतःहून सांगत नाहीत, विचारावंच लागतं, शक्यतो नातेवाईकांना बाहेर पाठवून. "हात बधिर झालाय" असं कोणी म्हणालं तर तिथे थांबून विचारा की चिमटा काढला तर कळतो का, की कळतं पण हात उचलत नाही. लोक दोन्हीला बधिरच म्हणतात.

आता क्रम. पुस्तकात हायर फंक्शन, मग बारा क्रेनियल नर्व्ह (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसा), मग मोटर, सेन्सरी, सेरेबेलम (तोल सांभाळणारा छोटा मेंदू) आणि सगळ्यात शेवटी चाल. परीक्षेत तसंच सांगा. ओपीडीत मात्र चालीपासून सुरुवात करा, पेशंट दारातून आत येतोय तिथपासून. माणूस चालतो तेव्हा मेंदू, कॉर्ड, नसा, स्नायू, सेरेबेलम, डोळे सगळं एकदम कामाला लागतं, त्यामुळे चाल नॉर्मल असेल तर पुष्कळ गोष्टी तिथेच बाजूला पडतात. पायजमा किंवा साडी घोट्याच्या वर घ्यायला सांगा, चप्पल काढायला सांगा आणि दहा पावलं जाऊन वळून यायला सांगा. हात कोपरात दुमडलेला आणि पाय बाहेरून अर्धगोल फिरवत टाकतोय तर जुना स्ट्रोक. गुडघा उंच उचलून पंजा फटकन आपटतोय तर फूट ड्रॉप (पंजा वर उचलत नाही). जमिनीकडे बघत, पाय आपटत चालतोय तर पोझिशन सेन्स. पाय फाकवून, दोन्हीकडे झोकांड्या तर सेरेबेलम. बदकासारखा डुलत असेल तर कमरेचे स्नायू. छोटी पावलं, वळायला पाच-सहा पावलं आणि एकाच बाजूच्या हाताचा झोका कमी, तर पार्किन्सन. हा हाताचा झोका नीट बघा, कारण पार्किन्सनची सुरुवात कित्येकदा एका खांद्याच्या दुखण्याने होते आणि तो माणूस सहा-सहा महिने फ्रोजन शोल्डर म्हणून शेक घेत बसतो.

लगेच त्याच जागी टाचांवर चालायला सांगा, मग चवड्यांवर, मग एका रेषेत पावलाला पाऊल लावून. चवड्यांवर चालवणं टाळू नका, पोटरीचा स्नायू इतका दणकट असतो की पलंगावर हाताने दाबून त्याची थोडीशी कमजोरी कधीच पकडता येत नाही, शरीराचं वजनच टाकावं लागतं. मग रॉम्बर्ग. पाय जुळवून उभं करायचं, आधी डोळे उघडे. डोळे उघडे असतानाच उभं राहता येत नसेल तर ही टेस्ट करूच नका, तिला अर्थ नाही. डोळे उघडे असताना स्थिर आणि मिटल्यावर पडायला लागला तर पॉझिटिव्ह, आणि ती मुख्यतः पोझिशन सेन्सची टेस्ट आहे. सेरेबेलमची नाही, हे इतक्या वेळा चुकीचं लिहिलेलं बघतो म्हणून मुद्दाम सांगतोय. आणि शेजारी हात पसरून उभे राहा, पेशंट खरंच पडतात.

खुर्चीत बसवून हात पुढे, तळवे वर, डोळे मिटून वीस सेकंद. सगळ्या तपासणीतून मला एकच टेस्ट ठेवायला सांगितली तर मी ही ठेवीन. ग्रिप फुल, दंडाची ताकद फुल, तरी एक हात हळूच आतल्या बाजूला वळतो आणि खाली यायला लागतो, म्हणजे विरुद्ध बाजूच्या मेंदूकडे बघायचं. हात खाली न येता बोटंच पियानो वाजवल्यासारखी आपोआप हलत असतील तर पोझिशन सेन्स गेलाय. त्याच बैठकीत अंगठ्यावर तर्जनी भरभर टॅप करायला सांगा, दोन्ही हात वेगवेगळे. पिरॅमिडल, म्हणजे मेंदूकडून हालचालीचा हुकूम नेणाऱ्या मार्गाच्या आजारात वेग कमी होतो, पार्किन्सनमध्ये टॅप करता करता उंची कमी कमी होत जाते आणि मध्येच अडकतं.

ताकद तपासताना एमआरसी ग्रेड लिहायचे हे सगळ्यांना माहीत असतं. ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे नुसती फडफड, २ म्हणजे ग्रॅव्हिटी काढून हालचाल, ३ म्हणजे ग्रॅव्हिटीविरुद्ध, ४ म्हणजे थोडा विरोध सहन करतो, ५ नॉर्मल. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पॅटर्न. वरच्या मोटर न्यूरॉनचा (म्हणजे याच मेंदू-कॉर्डमधल्या मार्गाचा) प्रॉब्लेम असेल तर हातात उचलणारे-उघडणारे स्नायू जास्त कमजोर (खांदा बाजूला नेणं, कोपर सरळ करणं, बोटं सरळ करणं) आणि पायात दुमडणारे (मांडी उचलणं, गुडघा वाकवणं, पंजा वर करणं). म्हणून फक्त ग्रिप बघून "पॉवर नॉर्मल" लिहिलं की सौम्य स्ट्रोक हातचा जातो. दुसरं, दुखऱ्या सांध्यामुळे पेशंट जोर लावत नाही, ती कमजोरी नव्हे, आधी विचारून घ्या.

टोन (स्नायूंचा ताठपणा) बघायचा तर पेशंट सैल पाहिजे, गप्पा मारत राहा. पाय सरळ ठेवून मांडी इकडून तिकडे लोळवा आणि मग गुडघ्याखाली हात घालून पटकन वर उचला. नॉर्मल माणसाची टाच गादीवरून घासत येते, स्पॅस्टिक असेल तर टाच सकट पाय वर उचलला जातो. पार्किन्सनचा कडकपणा मनगटात बघायचा, आणि संशय असेल तर दुसऱ्या हाताची मूठ उघड-बंद करायला सांगा, लपलेला कडकपणा वर येतो.

आता हातोडी. आपल्याकडे बहुतेकांच्या खिशात ती छोटी त्रिकोणी रबराची असते, टेलर हातोडी. हलकी असल्यामुळे तिने रिफ्लेक्स येत नाही आणि पोरं मग जोर लावतात, पेशंट आकसतो, आणखीनच येत नाही. परवडली तर लांब दांड्याची गोल हातोडी घ्या, टोकाला धरा आणि मनगट सैल ठेवून नुसती पडू द्या, वजनाने काम होतं. कुठला रिफ्लेक्स कुठल्या पातळीचा (सी मान, टी छाती, एल कंबर, एस त्याखाली): हातात बायसेप्स आणि सुपिनेटर सी५-सी६, ट्रायसेप्स सी७, गुडघा एल३-एल४, घोटा एस१. एक बाजू करून लगेच दुसरी, कारण रिफ्लेक्सची उंची एकटी काही सांगत नाही, फरक सांगतो. घाबरलेल्या तरुण पोरीचे सगळे रिफ्लेक्स उडतात, ते नॉर्मल आहे. सत्तरीच्या आजोबांचा घोट्याचा दोन्हीकडे येत नाही, तेही चालतं. पण एकाच बाजूचा गेलाय, किंवा हाताचे नॉर्मल आणि पायाचे उडतायत, किंवा बायसेप्स गेलाय आणि त्याच्या खालचे सगळे वाढलेत, हे कधीच सोडायचं नाही, या शेवटच्यात आजाराची पातळी सी५-सी६ ला स्वतःच दाखवून दिलेली असते. येत नाही असं लिहिण्याआधी पेशंटला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगा आणि ओढण्याच्या क्षणालाच मारा, हंगेरीचे डॉक्टर येंद्रासिक यांची ही युक्ती आहे. तिचा असर काही क्षणच राहतो, ओढून बसल्यावर सावकाश मारून उपयोग नाही. हाताच्या रिफ्लेक्ससाठी दात घट्ट चावायला सांगायचं.

प्लँटरबद्दल थोडं जास्त लिहितो कारण बाबिन्स्कीने १८९६ मध्ये मांडलेली ही खूण आजही सगळ्यात कामाची आहे आणि सगळ्यात वाईट तऱ्हेने केली जाते. पेशंट आडवा, पाय सरळ, सैल. त्याला आधी सांगा की तळव्याला गुदगुल्या होतील. किल्लीसारखी बोथट वस्तू घ्या, टाचेच्या बाहेरच्या कडेपासून सुरू करून तळव्याच्या बाहेरच्या कडेने सावकाश वर या, चवड्यापाशी आतल्या बाजूला वळा आणि अंगठ्याच्या अलीकडेच थांबा. बघायची ती अंगठ्याची पहिली हालचाल. खाली गेला तर नॉर्मल, वर गेला (बोटं फाकली तर अजून पक्कं) तर वरचा मोटर न्यूरॉन. साधारण वर्षाच्या आतल्या बाळात वर जाणं नॉर्मल असतं. अख्खा पाय झटकन मागे ओढला तर ती गुदगुली समजा आणि कमी दाब देऊन परत करा. आता आपल्याकडची अडचण ही की जन्मभर अनवाणी किंवा चिखलात काम केलेल्या माणसाचा तळवा इतका जाड आणि भेगाळलेला असतो की काहीच रिस्पॉन्स येत नाही आणि आपण "प्लँटर म्यूट" लिहून मोकळे होतो. अशा वेळी पाय कोमट पाण्याने धुऊन घ्या, किंवा बाहेरच्या घोट्याखालून पावलाच्या बाहेरच्या कडेने करंगळीकडे रेघ ओढा, चॅडॉक म्हणतात त्याला, तिथली कातडी पातळ असते. नडगीवरून दोन बोटं दाबत खाली आणली तरी कधी कधी येतो. तळवा जाड म्हणून प्लँटर सोडू नका, हा शेतकरीच तो वर सांगितलेला पेशंट असू शकतो.

सेन्सरी शेवटी करायची, पेशंट थकलेला नसताना आणि आपल्याला काय शोधायचंय ते ठरवून. डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे टोचत बसलात तर पेशंट कंटाळून काहीही उत्तरं द्यायला लागतो. तुमच्या मनात तीन-चार प्रश्न असले पाहिजेत. पॉलिन्यूरोपथी (हातापायांच्या बऱ्याच नसांचा आजार) वाटतेय? मग पायाच्या बोटांपासून वर या आणि कुठे टोचणं नीट कळायला लागतं ते बघा. कॉर्ड वाटतोय? मग पोटावर-छातीवर खालून वर या आणि लेव्हल शोधा, बेंबी टी१०, स्तनाग्र टी४, आणि पाठीवरही बघा. एकच नस किंवा रूट (कॉर्डमधून निघणारं नसेचं मूळ) वाटतंय? तेवढाच पट्टा, अंगठा सी६, करंगळी सी८, पावलाची वरची बाजू एल५, बाहेरची कड एस१. लघवीची तक्रार आहे? मग बसायच्या जागेभोवतीची संवेदना बघितल्याशिवाय सोडू नका. टोचायला टूथपिक किंवा नवी सेफ्टी पिन, एका पेशंटला वापरली की फेकून द्यायची, रक्त काढायच्या सुईने तर कधीच नाही. "लागतंय का" असं विचारू नका, "टोचल्यासारखं वाटतंय की नुसतं बोट लावल्यासारखं" असं विचारा.

थरथर तपासायला ट्यूनिंग फोर्क १२८ हर्ट्झचा. पुष्कळ ठिकाणी कानाचा ५१२ चा हाती देतात, त्याने पायाची तपासणी होत नाही. आधी छातीच्या हाडावर ठेवून पेशंटला थरथर म्हणजे काय ते कळू द्या, नाहीतर तो गार लोखंड लागल्याचंच हो म्हणतो. मग पायाच्या अंगठ्याच्या हाडावर. एक-दोन वेळा आवाज न करता हाताने थांबवून ठेवा आणि बघा काय सांगतो. तिथे नसेल तर घोटा, मग गुडघ्याखालचं हाड. पोझिशन सेन्सला अंगठा बाजूंनी धरायचा, वर-खाली धरला तर दाबावरूनच पेशंट ओळखतो.

हे दोन एवढ्यासाठी की आपल्याकडे बी१२ ची कमतरता फार दिसते, पक्के शाकाहारी, त्यातही दूध कमी घेणारे, वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी खाणारे, मेटफॉर्मिनवर असलेले डायबेटिसवाले. यांच्या टाचणीच्या संवेदना ठीक असतात आणि थरथर, पोझिशन सेन्स गेलेले असतात, गुडघ्याचे रिफ्लेक्स वाढलेले, घोट्याचे गेलेले आणि प्लँटर वर, असा विचित्र मेळ दिसतो, कारण कॉर्ड आणि नसा दोन्हींना मार बसलेला असतो. हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी हे होऊ शकतं. एक फोर्क आणि एक हातोडी यावर हा आजार पकडता येतो आणि वेळेत इंजेक्शन सुरू केली तर माणूस बराच सुधारतो, उशीर झाला तर उरतं ते उरतं.

फूट ड्रॉपचं उदाहरण जवळून बघू. पंजा वर उचलत नाही, फाईलमध्ये परत एकदा कमरेचा एमआरआय. इथे एकच गोष्ट करा, पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगा आणि विरोध करा. आत वळवायची ताकदही कमी असेल तर एल५ रूट, कारण तो स्नायू एल५ चा आहे पण त्याची नस वेगळी. आत वळवणं पक्कं असेल आणि वर उचलणं, बाहेर वळवणं गेलं असेल तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला फिब्युलाच्या मानेवरून जाणारी पेरोनिअल नस. मग विचारा, कांदा काढताना किंवा खुरपताना तासन् तास उकिडवं बसणं झालं का, पायाला प्लास्टर होतं का, अचानक खूप वजन उतरलं का. आणि बोटं लावून ती नस चाचपा. जाड, दोरीसारखी लागली तर कोपरामागची अल्नर चाचपा, मानेवरची, कानाखालची बघा, अंगावर फिकट चट्टे शोधा, चट्ट्यावर गरम-गार कळतं का ते बघा. कुष्ठरोग. २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं तेव्हापासून नव्या डॉक्टरांच्या डोक्यातून तो गेलाच, पण चंद्रपूर-गडचिरोलीकडे काम करणाऱ्या कुणालाही विचारा, पेशंट अजून येतात. कुष्ठरोगात रिफ्लेक्स बहुधा शाबूत असतात आणि बोटं सुन्न, ही विसंगती दिसली की नसा चाचपायच्याच. कमरेच्या एमआरआयमध्ये हे काही दिसणार नाही.

क्रेनियल नर्व्ह भरभर होतात. दृष्टीचा फील्ड समोर बसून बोटं हलवून, डोळ्यांची हालचाल एच आकारात, बाहुल्या टॉर्चने, चेहरा, जीभ, टाळू. चेहऱ्यात कपाळ बघा, भुवया वर करायला सांगा. खालचा चेहरा वाकडा आणि कपाळ ठीक तर मेंदू, कपाळासकट अर्धा चेहरा गेलेला तर फेशियल नर्व्ह. पापणी पडलेली, बाहुली मोठी आणि डोकं दुखतंय तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला पाठवा, फुगलेली रक्तवाहिनी दाबत असू शकते. आणि फंडस, म्हणजे डोळ्याचा आतला मागचा पडदा. डोकेदुखीच्या पेशंटचा फंडस न बघता परत पाठवू नका. विशेषतः बाळंतपणानंतर काही दिवसांनी डोकं दुखतंय, उलटी होतेय म्हणून आलेली बाई, तिच्या मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते, आणि डोळ्यातली डिस्क (दृष्टीच्या नसेचं टोक) सुजलेली दिसली की कुणी "झोप नाही म्हणून दुखतंय" असं म्हणत नाही. ऑप्थॅल्मोस्कोप (फंडस बघायचं यंत्र) शिकायला वेळ लागतो, नॉर्मल डोळे रोज बघत राहा, बाकी रस्ता नाही.

बोलण्याचं एक. "काल रात्रीपासून वेड्यासारखं बडबडतोय" म्हणून आणलेला माणूस, हातपाय ठीक, त्यामुळे मानसिक म्हणून पाठवला जातो. त्याला काही करून न दाखवता फक्त तोंडाने सांगा, डोळे मिटा. पेन दाखवून नाव विचारा. "आज बाजार बंद आहे" म्हणायला लावा. सूचना कळत नाही, नाव येत नाही, वाक्य परत म्हणता येत नाही, पण शब्द भरभर येतायत, तर हा अफेजिया (मेंदूतली भाषाच बिघडणं) आहे, डाव्या मेंदूचा स्ट्रोक, आणि घड्याळ चालू झालेलं आहे. मात्र हे सगळं पेशंटच्या घरच्या बोलीत करा. अहिराणी बोलणाऱ्या आजीला पुस्तकी मराठीत विचारून "गोंधळलेली" लिहिणं अन्याय आहे. शाळेत न गेलेल्याला शंभरातून सात वजा करायला सांगू नका, वार उलटे म्हणायला सांगा, बाजाराचा हिशोब विचारा, तारीख नाही तर कुठला सण नुकताच झाला ते विचारा.

चक्कर आलेल्या पेशंटला उभं करा. आडवं पडून बोट-नाक टेस्ट सुरेख जमते, हातपाय नॉर्मल, आणि उभं केलं की एक पाऊल टाकता येत नाही. सेरेबेलमच्या मधल्या भागाचा स्ट्रोक असाच असतो. उलट्या होतायत म्हणून ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलेले हे पेशंट रात्री बेशुद्ध होऊन परत येतात, मागच्या भागात सूज वाढते आणि जागा थोडी असते.

आणि जीबीएस. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला एकदम पेशंट वाढले तेव्हा सगळ्यांना हे नाव कळलं. दोन-तीन दिवसांत पायातून वर चढणारी कमजोरी आणि गेलेले रिफ्लेक्स, बहुतेकदा आधी जुलाब किंवा सर्दी-ताप झालेला. इथे हातापायाच्या ग्रेडपेक्षा तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या, उशीवरून मान उचलता येते का, गिळताना ठसका लागतो का, आणि एका श्वासात किती आकडे मोजता येतात. सकाळी तीसपर्यंत मोजणारा संध्याकाळी पंधराला थांबला तर ऑक्सिजन ९८ असला तरी त्याला आयसीयूत हलवा, ऑक्सिजन पडायची वाट बघायची नाही, तो सगळ्यात शेवटी पडतो. मोजणं दर काही तासांनी परत करा आणि आकडा वेळेसकट लिहा.

लिहिण्याबद्दल एवढंच की केसपेपरवर "सीएनएस एनएडी" (मज्जासंस्थेत काही सापडलं नाही) हे लिहू नका, त्यातून काय बघितलं आणि काय नाही ते कुणालाच कळत नाही. रेफर करताना चार ओळी पुरतात: कधीपासून आणि कसं वाढलं, ताकद कुठे किती, रिफ्लेक्स आणि प्लँटर दोन्ही बाजूंचे, सेन्सरी लेव्हल आणि लघवी. स्ट्रोक असेल तर पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ सगळ्यात वर मोठ्या अक्षरात, कारण रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि पुढच्या हॉस्पिटलमध्ये नेमकी तीच वेळ सांगायला कोणी जवळ नसतं, ज्याने बघितलेलं असतं तो गाडीभाडं द्यायला नाहीतर एटीएम शोधायला गेलेला असतो. त्याचा फोन नंबरही तिथेच लिहून द्या.